उद्या बंदीत कोरोना, दहा बाया पाठवा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा तालुक्यात बोटांना आता सुट्टी मिळाली आहे. माईकची खूण दाबायची, फोन तोंडापुढे आडवा धरायचा आणि बोलायचं. अक्षरं आपोआप उमटतात. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीला ही सोय दिली. जोडाक्षर लिहिताना ज्याला घाम फुटायचा, तोही आता चार ओळी सहज पाठवतो. फायदा त्याच्या एकट्याचा नाही. एसटीत बसून कुणी उधारीचा निरोप सांगू लागला, की कुणाकडे किती थकले हे मूलच्या स्टँडपर्यंत सगळ्या प्रवाशांना पाठ होतं.

अडचण एकच. यंत्राला मराठी येते, आपली येत नाही.

धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांतली गोष्ट घ्या. बांदीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी साचलंय, परे (रोपं) उपटून तयार आहेत आणि शेतकऱ्याचे हात कोपरापर्यंत चिखलात. पोरगा फोन धरून उभा. शेतकरी धुऱ्यावरून सांगतो, "काकू, उद्या आमच्या बांदीत रोवना हाये, दहा बाया पाठवजा." फोन लिहितो, "काकू उद्या आमच्या बंदीत कोरोना आहे दहा बाया पाठवा." काकूंचं उत्तर लगेच येतं : बाया येणार नाहीत, तुम्हीही चौदा दिवस घराबाहेर पडू नका.

यात फोनला दोष देऊन उपयोग नाही. तो आवाज ऐकून अंदाज बांधतो आणि जो शब्द कानावर जास्त वेळा पडला, तोच आधी पुढे करतो. 'बंदी' आणि 'कोरोना' ऐकून ऐकून त्याचे कान किटले आहेत. धान कोण लावतं, कसं लावतं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. पटत नसेल तर परीक्षा घ्या. म्हणा, "कार्यसम्राट, लोकनेते, आमच्या लाडक्या साहेबांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." एक वेलांटी चुकणार नाही. "तलावाच्या दुरुस्तीसाठी भरघोस निधी मंजूर" हे वाक्यही फोन बिनचूक लिहितो. तलाव तेवढा दुरुस्त व्हायचा राहतो.

मग आवाजच रेकॉर्ड करून का पाठवू नये? व्हॉट्सअॅपवर ती सोय २०१३ पासून आहे. पण तोंडी चालत नाही, लेखी द्या, हा कचेरीचा नियम त्याहून जुना. म्हणून एकाने फोनला सांगून लेखी दिलं, "आमचं ढोर वाघानं मारलं, पंचनामा करा." फोनने ढोराचा ढोल केला. साहेबांनी तत्परतेने कळवलं : ढोल पशुधनात मोडत नाही, सबब भरपाई देय नाही, अर्जदाराने वाद्याच्या खरेदीची पावती जोडावी.

आता लोक शहाणे झालेत. फोन समोर आला की 'हाये'चं 'आहे' होतं. घरात ज्याचा 'डोरा' दुखतो, तो फोनपुढे जीभ वळवून 'डोळा' म्हणतो. मास्तरांच्या छडीला जे जमलं नाही, ते काचेच्या तुकड्याने करून दाखवलं. अर्थात आपण तरी आपल्या या झाडीबोलीला कुठे मान दिला? झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, नाटकातही बोली बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी. नायक प्रेमात पडला की पुस्तकातलंच बोलतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा शब्दकोश करून ठेवला, तो आपल्यापैकी किती घरांत आहे? २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात झाली. पद्म आलं, दर्जा आला. रोवना तेवढा फोनपर्यंत पोचायचा आहे.

तो पोचणारच नाही असं मात्र नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलच्या साथीने 'वाणी' नावाचा प्रकल्प हाती घेतला आहे. लोकांना चित्र दाखवायचं आणि त्यात काय दिसतं ते त्यांच्याच बोलीत सांगायला लावायचं, अशी त्याची रीत. पहिल्या टप्प्यातल्या ८० जिल्ह्यांत चंद्रपूरचंही नाव आहे. म्हणजे यंत्र शिकायला तयार आहे. धास्ती आपलीच वाटते. बाहेरचा माणूस समोर आला की आपण इस्त्रीची भाषा अंगावर चढवतो.

तेव्हा उद्या कुणी चित्रं घेऊन गावात आलं, तर कृपा करून पुढाऱ्याला पुढे करू नका; कोणतंही चित्र दाखवलं तरी तो निधी मंजूर झाल्याचंच सांगेल. बांदीत वाकलेल्या बाईला बोलू द्या. आणि तोवर फोन चुकला तर आपली बोली बदलू नका, शब्द बोटाने दुरुस्त करा आणि मगच पाठवा. बाया वेळेवर येतील.