शेलूबाजारचं कॉलेजियम

उच्च न्यायालयाचा न्यायाधीश नेमायचा तर नावाला बरीच टेबलं फिरावी लागतात. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ सहकारी नाव सुचवतात. मग राज्य सरकार, दिल्लीचं विधी मंत्रालय, गुप्तचर खात्याचा अहवाल, सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. शेलूबाजारात या रांगेत आणखी एक टेबल आहे. खरं तर बाकडं. पानठेल्यासमोरचं. त्यावर आबा बसतात.

असे आबा वऱ्हाडातल्या प्रत्येक बाजारगावात एक तरी असतात. शेलूबाजारच्या आबांचा अधिकार धुऱ्याच्या वादातून आलेला आहे. शेजाऱ्यानं कधीकाळी दोन तासं इकडं सरकून नांगर घातला, वडिलांनी मंगरुळपीरच्या कोर्टात दावा टाकला आणि तो शेतासोबत आबांच्या वाट्याला आला. सोयाबीन तीन-चार महिन्यांत निघतं, तूर थोडी जास्त थांबते, दावा बारमाही. गावातली माणसं सालं दुष्काळावरून ओळखतात, आबा जज्जांच्या बदल्यांवरून. “बोंडअळी आली थ्या साली लय कडक जज्ज होते. तारीखबी हासत नोयते देत.”

नव्या नावांची बातमी आली की छाननी सुरू होते. पहिला प्रश्न: “कुठचा हाय?” पुण्या-मुंबईचा निघाला की विदर्भाचा अनुशेष आला. तो आबांनी सिंचनातून काढून न्यायदानात कधीच घातलेला आहे. नागपूरचे शरद बोबडे आणि अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले, हे कुणी सांगितलं की म्हणतात, “थे दिल्लीचं झालं राजेहो. आपल्या नागपूर खंडपीठाचं बोला.” दुसरा प्रश्न वयाचा. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात, म्हणून ५८ चा उमेदवार तिथंच बाद. “चार वर्सांत माह्या फायलीची सुतळीबी सुटत नाई.” तिसरी परीक्षा फोटोची. चष्मा नाकावर खाली आलेला हवा. म्हणजे माणूस कागद वाचतो.

एकदा कॉलेजात जाणाऱ्या पोट्ट्यानं मोबाइलवर घटनेचं कलम २१७ वाचून दाखवलं. भारताचा नागरिक, आणि दहा वर्षं न्यायिक पदावर किंवा दहा वर्षं उच्च न्यायालयात वकिली. आबा पुढचं ऐकायला थांबले. पुढं फारसं काही नव्हतं.

“इतकंच? अरे, पोलीस पाटलाले दहावी पास लागते. वरून लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा!”

आता हे हसण्यावारी न्यावं, तर एवढ्याशा अटीवरही एक नाव अडकलेलं आहे. १९९२ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयासाठी राष्ट्रपतींची सही झालेली नेमणूक सर्वोच्च न्यायालयानं शपथेआधीच रद्द केली, कारण गृहस्थांनी न्यायिक पद कधी सांभाळलेलंच नव्हतं. इतकी टेबलं फिरून हे कुणाच्या ध्यानात आलं नाही! आबांना हा किस्सा फार आवडतो. आपलं बाकडं तेव्हा गुवाहाटीत नव्हतं, एवढीच त्यांना हळहळ.

२०२५ च्या जुलैअखेर मुंबई उच्च न्यायालयासाठी आरती साठे यांचं नाव सुचवलं गेलं, तेव्हा बाकड्याचे दोन तुकडे व्हायचे बाकी होते. त्या भाजपच्या प्रवक्त्या होत्या, म्हणून विरोधी पक्षाच्या रोहित पवारांनी आक्षेप घेतला. साठे यांनी जानेवारी २०२४ मध्येच राजीनामा दिलाय, असं भाजपनं सांगितलं. ठेल्यावर दोन्ही पक्षांचे लोक पान खातात. सगळे आबांकडं बघू लागले. आबांनी चुना मळत विचारलं, “तारीख देतीन का निकाल?” याचं उत्तर कोणत्याच पक्षाकडं नव्हतं. नेमणूक पुढं झाली.

मला स्वतःला आबांच्या कसोट्या हास्यास्पद वाटायच्या. मग २०२३ चा व्हिक्टोरिया गौरी यांचा वाद वाचला. मद्रास उच्च न्यायालयावरच्या त्यांच्या नेमणुकीला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. पात्रता आम्ही तपासू, योग्यता नाही, असा एकूण सूर. खंडपीठावर आपले गवईसाहेबही होते. पात्रतेला दहा वर्षांचं माप तरी आहे. योग्यता कशी मोजली, ते फार करून बंद दाराआडच राहतं. आबांच्या चष्म्याची अट निदान चौकात उघड्यावर जाहीर आहे.

हे मी त्यांना समजावून सांगितलं. पात्र वेगळा, योग्य वेगळा, हे त्यांना कमालीचं पटलं. इतक्यात त्यांचा पुतण्या मोटरसायकलवरून पांढऱ्या बँडसह उतरला. वकील आहे, अधूनमधून नागपूर खंडपीठातही उभा राहतो. कुणीतरी खोडी काढली, “आबा, याचं नाव पाठवा की हायकोर्टाले! दहा वर्सं झाली ना वकिलीले?”

आबांनी पुतण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“पात्र हाय,” ते म्हणाले. “योग्य नाई. धुऱ्याची फाईल याच्याकडंच हाय.”

पुतण्यानं पान मागवलं आणि पुढची तारीख सांगितली.