अडीच सूत

जोडभाऊंच्या घरी बिस्किटांचा एक जुना, चौकोनी, पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं शेवटची कधी होती हे आता कोणाला आठवत नाही. गेली तीसेक वर्षं त्यात ‘उरलेले’ स्क्रू राहतात. जोडभाऊंनी दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूतून दोन-तीन स्क्रू उरतातच. कंपन्या मुद्दाम चार जास्तीचे घालून देतात, असा त्याचा अर्थ ते लावतात. त्यांच्या पत्नीचं, म्हणजे घरातल्या लेकरांच्या मोठीआईचं, मत वेगळं आहे. त्या डब्यातला एकूण एक स्क्रू या घडीला मलकापुरातल्या कोणाच्या ना कोणाच्या मिक्सरमध्ये, पंख्यात नाहीतर शिलाई मशीनमध्ये असायला हवा होता, असं त्या म्हणतात.

जोडभाऊ हे कोणा एकाचं नाव नाही. मलकापुरात असे चार-सहा तरी निघतील, आणि मलकापूरच्या बाहेरच्यांनी फार हसू नये, त्यांच्याही गल्लीत एक असतोच. मोडकी वस्तू दुरुस्त करणारा तो मिस्त्री. धडधाकट वस्तूला काहीतरी ‘बसवून’ देणारा तो जोडभाऊ. कूलर नीट थंड हवा देत असला की यांना चैन पडत नाही. वऱ्हाडातल्या मे महिन्यात, सगळं गाव ताट्यांना पाणी मारत असताना, हे त्याला दुसरी मोटार बसवतात आणि मग संध्याकाळपर्यंत अख्खं घर ओट्यावर येऊन बसतं. दूरदर्शनच्या काळात त्यांच्या अँटेनावर इतकं काही बांधलेलं असायचं, की चित्र येवो न येवो, कावळे हमखास यायचे.

मलकापूर हे विदर्भाचं प्रवेशद्वार. भुसावळ सोडून नागपूरकडे निघालेली गाडी इथूनच वऱ्हाडात शिरते, हायवेही इथूनच जातो. त्यात जिनिंगचं गाव, तेव्हा लेथ, वेल्डिंग, नट-बोल्ट यांची ददात नाही. कोकणातल्या जोडभाऊला एका वायसरसाठी दोन तास एसटीची वाट पाहावी लागत असेल, तेवढ्यात त्याचा उत्साह ओसरत असेल. मलकापूरच्या जोडभाऊला ओसरायला वेळच मिळत नाही.

धनुष्य या कथेत आलं ते २०२३ नंतर. त्या वर्षीच्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत बुलडाण्याच्या एकोणीस वर्षांच्या प्रथमेश जावकरनं कंपाउंड प्रकारात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला हरवलं. श्लोसर तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता. गुण १४९ विरुद्ध १४८, दीडशेपैकी. म्हणजे पंधरा बाणांत आपल्या जिल्ह्यातल्या पोराचा फक्त एक बाण नऊवर गेला. त्यानंतर ऑगस्टमध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले. ओजसनं तर अंतिम फेरीत दीडशेपैकी दीडशे घेतले. मग काय, ज्या गावात तोवर तिरकामठा म्हणजे बांबूची कामटी आणि सुतळी एवढीच समज होती, तिथं पानठेल्यावर लोक वाऱ्याची दिशा सांगायला लागले.

जोडभाऊंच्या धाकट्या भावाच्या मुलानं शिकायचं ठरवलं. मोताळा मागे टाकून राजूर घाट चढला की बुलडाणा; शनिवार-रविवार जायचं. घरच्यांनी त्याला एक जुनं लाकडी रिकर्व्ह धनुष्य घेऊन दिलं. दोरी काढली की ज्याची टोकं नेम धरणाऱ्याच्या विरुद्ध बाजूला वळलेली दिसतात, ते रिकर्व्ह. हे तीन तुकड्यांचं होतं: मधे लाकडी दांडा, त्याला खेळाडू रायझर म्हणतात, आणि वर-खाली दोन लिंब. जोडभाऊंनी पहिल्याच संध्याकाळी त्यावर बोट फिरवून सांगितलं, “लिंबाचं हाय म्हन्ते? लिंब कायले वाकते रे बाप्पा, मोडते थे.” हा लिंब कडुलिंब नव्हे, इंग्रजीतला हातपाय, पातळ लाकडी पट्ट्यांवर फायबरग्लासचा थर चिकटवून केलेला, हे पुतण्यानं समजावलं. जोडभाऊंनी मान डोलावली. पण त्यांचं लक्ष लिंबाकडे नव्हतं. त्यांचं लक्ष रायझरमधल्या भोकांकडे गेलं होतं.

कारखान्यातूनच रायझरला भोकं पाडलेली असतात आणि त्यांत आटे असलेले पितळी बुश बसवलेले असतात. एक मुठीच्या खाली समोरच्या अंगाला, पुढे येणाऱ्या लांब दांडीसाठी. एक बाण टेकतो तिथं, आडवं. दोन बाजूला, नेमाच्या काडीसाठी. ही सगळी रिकामी होती. रिकामं भोक पाहून जोडभाऊंची जी अवस्था होते ती आईलाच कळेल, उपाशी लेकरू पाहिलेल्या.

“मोठेबाबा, राहू द्या ना. सर म्हणतात, पहिले सहा महिने काहीच लावायचं नाही.”

“अरे, तो बुलडान्याचा पोरगा पाह्यला का पेपरात? केवढ्या दांड्या व्हत्या त्याच्या धनुष्याले! चाकं व्हते, भिंग व्हतं. आन तू असं उघडं-बोडकं घेऊन जाशीन?”

पेपरातला फोटो खरा होता, पण त्यातलं धनुष्य कंपाउंड. त्याची मधली चौकट धातूची असते, टोकांना चाकं, नेमाला भिंग, आणि ते पन्नास मीटरवरून ८ सेंटिमीटरच्या दहाच्या वर्तुळासाठी केलेलं यंत्रच असतं. लाकडी रिकर्व्ह हे त्याचं गरीब भावंडही नाही, वेगळ्याच घरातलं आहे. उलट जगभरच्या स्पर्धांत ‘बेअरबो’ नावाचा एक प्रकार आहे, त्यात धनुष्याला नेमाची काडी आणि लांब दांडी लावायची बंदीच असते. दोरी उतरवून सगळं धनुष्य १२.२ सेंटिमीटर व्यासाच्या कड्यातून आरपार जायला हवं, असा तिथला नियम. तळहाताएवढ्या बांगडीतून धनुष्य काढायचं! जोडभाऊंची स्कूटर, तिचे जास्तीचे दोन आरसे, तीन हॉर्न आणि मागची पिशवीची चौकट धरून, बोगद्यातूनसुद्धा जपून न्यावी लागते. त्यांना हा नियम कोणी सांगितलेला नाही, तेच बरं.

आता दांडी लावायची कल्पना मुळात चुकीची नव्हती, हे त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या अर्ल हॉइट यांनी धनुष्याला वजनाच्या दांड्या जोडल्या, तेव्हा धनुष्यं लाकडाचीच होती. बाण सुटताना हात किंचित मुरगळतो आणि धनुष्य फिरतं. हातापासून लांब वजन असलं की ते फिरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात बाण निघून गेलेला असतो. डोंबाऱ्याच्या पोरीच्या हातातली आडवी काठी हेच काम करते. म्हणजे हॉइट हेही एक प्रकारे जोडभाऊच. फरक इतकाच की त्यांनी कोणता आटा कुठं बसतो हे आधी पाहिलं.

त्या पितळी बुशाचं माप होतं पाच सोळांश इंच. आपल्याकडच्या मिस्त्रींच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा पाच सोळांश म्हणजे बरोबर अडीच सूत. जोडभाऊंनी भोकात काडी घालून, बोटानं चाचपून, नुसत्या अंदाजानं “अडीच सूत” सांगितलं आणि ते तंतोतंत बरोबर निघालं. असा माणूस अडाणी नसतो. तो धोकादायक असतो.

कारण जाडी जुळली, आटे जुळले नाहीत. हार्डवेअरच्या दुकानात मिळाला तो जुन्या विलायती मापाचा अडीच सुती बोल्ट, इंचाला १८ आट्यांचा. धनुष्यातल्या बुशाला इंचाला २४ आटे. बोल्ट एक फेरा गेला आणि अडला. “आटा मेला हाय जरासा,” असं निदान करून जोडभाऊ परत गेले आणि आठ एमएमचा आणला. देशात दशमान मापं १९५८ पासून लागू झाली, पण सूत काही दुकानातून गेलं नाही. दोन्ही एकाच काउंटरवर नांदतात. आठ मिलिमीटर आणि पाच सोळांश इंच यांच्यात फरक किती? मिलिमीटरचा सोळावा भाग. नखाला कळणार नाही, डोळ्याला दिसणार नाही. आणि त्या बोल्टाचे आटे इंचाला साधारण वीस. म्हणून तो थोडा आणखी आत गेला. दोन फेरे. अडीच. इथं कोणीही शहाणा माणूस थांबतो.

जोडभाऊंनी पाना घेतला.

लाकडाचा स्वभाव सुताराला ठाऊक असतो. रेषेला आडवं लाकूड हट्टी, रेषेच्या बाजूनं मात्र ते फाटायला निमित्तच शोधतं. म्हणून जुने सुतार स्क्रू लावायच्या आधी बारीक भोक पाडतात, स्क्रूला साबण चोळतात, आणि शेवटचा फेरा हातानं देतात. पान्यानं पितळी बुशावर जोर आला, बोल्ट पुढे जाईना, तेव्हा बुशच पाचरीसारखा लाकडात दाबला गेला. आवाज आला, “टिक.”

जोडभाऊंचा चेहरा उजळला. “पाह्य! क्लिकर वाजला.”

क्लिकर ही रायझरवर बसवायची एक पातळ पोलादी पट्टी. बाण पूर्ण मागे ओढला की तिच्याखालून त्याचं टोक निसटतं, पट्टी टिक करून वाजते आणि खेळाडू दोरी सोडतो. जोडभाऊंनी तिच्याबद्दल आदल्याच रात्री ऐकलं होतं. अडचण एवढीच होती, की ती अजून बसवलेलीच नव्हती. ती पुतण्याच्या दप्तरात, कागदात गुंडाळलेली होती.

दांडी मात्र बसली. फारच घट्ट बसली. त्यानंतर दोन दिवस ते धनुष्य बैठकीत उभं होतं. पुढे हातभर दांडी, बाजूला ॲल्युमिनियमच्या पट्टीची घरगुती नेमकाडी, मुठीला सायकलच्या हँडलचं रबर. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते उचलून पाहायला लागायचं. एका पाहुण्यानं बाण न लावता दोरी ओढून सोडायला हात घातला, तेव्हा पुतण्या ओरडला. बाण असला की ओढलेल्या धनुष्याचा बराचसा जोर बाण घेऊन जातो. तो नसला की सगळा धक्का लाकडालाच बसतो. पाहुण्यांना वाटलं, पोरगं उद्धट आहे.

शनिवारी बुलडाण्याला सरांनी धनुष्य हातात घेतलं, दांडीकडे पाहिलं, रबराकडे पाहिलं, आणि काहीच न बोलता कापसाचा बोळा मागितला. कापसाच्या पट्ट्यातल्या पोराकडे तो नसेल असं होत नाही. त्यांनी बोळा मुठीपासून खाली हळूच घासत नेला. बुशाच्या खाली बोटभर जागेत दोन-तीन तंतू अडकून राहिले. डोळ्याला जिथं नुसती लाकडाची रेषा दिसत होती, तिथं कापसाला फट सापडली.

चोवीस पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढलं, की बोटांवर अकरा किलोंचा ओढा येतो. प्रत्येक बाणाला तो ताण येतो आणि झटक्यात सुटतो, दिवसाला शंभर-दीडशे वेळा. फट असलेला रायझर तो सोसेल की नाही, हे तोंडासमोर धरून पाहण्यासारखं नसतं. सरांनी दोरी उतरवली आणि धनुष्य पिशवीत घातलं.

घरी बातमी आली तेव्हा जोडभाऊ आधी रागावले, मग लाकडाला दोष देऊन मोकळे झाले, मग दोन नळ्यांचं अरल्डाइट आणि शिकंजा घेऊन बसले. रात्रभर दाबून ठेवलं. सकाळी फट दिसेनाशी झाली, पण शिकंजाही सुटेना, कारण तोही चिकटला होता.

जोडभाऊंच्या आई तेवढ्यात देवघरातून म्हणाल्या, “जनकाच्या दरबारातबी मधातूनच मोडलं व्हतं.” हे खरं आहे. वाल्मीकींनी शिवधनुष्य मधोमध मोडल्याचंच सांगितलं आहे, आणि ते आठ चाकांच्या लोखंडी पेटीत घालून पाच हजार माणसांनी ओढत आणलं होतं, असंही. पुतण्यानं हे वाचून दाखवलं. रामाच्या पराक्रमाबद्दल जोडभाऊ काही बोलले नाहीत. बराच वेळ विचार करून त्यांनी विचारलं, “आठ चाकं म्हन्ते? बेरिंग कोन्ते असतील?”

सुदैवानं तीन तुकड्यांच्या धनुष्यात सगळंच वाया जात नाही. लिंब शाबूत होते, नुसता रायझर नवा मागवावा लागला. तो आला तसा पुतण्यानं खोकं न उघडता आपल्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली मोठीआईच्या कमरेला दिली. जुना रायझर शिकंज्यासकट बैठकीतल्या भिंतीवर गेला. त्याला जोडभाऊंनी दोन हूक बसवले आहेत. एकावर बाजाराची पिशवी असते, दुसऱ्यावर छत्री. या खेपेला त्यांनी आधी बारीक भोक पाडलं, साबणही लावला. लाकूड कुठंही फाटलेलं नाही.

गेल्या रविवारी पोरगं बुलडाण्याला गेलेलं असताना ते त्याच्या खोलीत बराच वेळ उभे होते. कपाटाला हात लावलेला नाही, असं त्यांनी जेवताना स्वतःहूनच सांगितलं. फक्त त्याच्या दाराची बिजागरी त्यांना जराशी ढिली वाटली.