जाळी कोण झटकणार?

इमारतीतली हवा गाळणारी जाळी आता म्हणे स्वतःच स्वतःला साफ करणार. माणूस नको, ब्रश नको, कटकट नको. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या एखाद्या टपरीवर ही बातमी सांगून बघा. पहिलाच प्रश्न येईल, "मग निघालेली घाण कुठं जाणार?"

हा प्रश्न माहितीपत्रकात नसतो.

युक्ती तशी साधी. जाळीवर थर साचला की पंख्याला जोर लागतो, विजेचं बिल फुगतं. मग उलट्या बाजूनं दाबाच्या हवेचा फटका मारायचा. थर गळतो, खालच्या पेटीत पडतो. झालं! आता पेटी रिकामी करायला माणूस शोधा.

सूतगिरण्यांना यात नवल नाही. तिथं जाळीचा मोठा ड्रम फिरतो आणि त्यावरचे तंतू नळी ओढून घेते. हवेची एवढी बडदास्त कशासाठी? मुख्यतः सूत तुटू नये म्हणून.

छातीचं काय, ती तुटत नाही.

कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टी संपवून कामावर आलं की छाती आवळते, ही त्याची खूण. यावर एखादा मालक उपाय सुचवेल, सुट्टीच देऊ नका!

परभणीच्या कापूसपट्ट्यातला जिनिंगचा मजूर नाकाला दस्ती बांधतो. संध्याकाळी झटकतो, धुतो, सकाळी पुन्हा बांधतो. या फिल्टरला ना अनुदान, ना पेटंट.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं 2023 मध्ये ग्रीन टीमधल्या पॉलिफेनॉलचा लेप दिलेला फिल्टर जाहीर केला. जंतू जाळीवरच मरतात. काम खरंच चांगलं आहे. पण मेलेला जंतूही जागा अडवतो आणि धूळ चहाला भीत नाही.

दिल्लीत 2021 मध्ये कॅनॉट प्लेसला हवा गाळणारा मनोरा उभा राहिला. 40 पंखे, आयआयटी मुंबईचं तांत्रिक साह्य, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन. 2023 मध्ये तो बंद पडलेला होता. सर्वोच्च न्यायालयानं कान धरला, तेव्हा पुन्हा फिरला.

म्हणजे पंख्याला वीज पुरत नाही, कोर्टही लागतं.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण छाती फुगवून म्हणतो. जर्मनीत इमारतींमधल्या हवेच्या यंत्रणेची स्वच्छता कशी राखावी, यासाठी व्हीडीआय 6022 ही नियमावली आहे. आपल्याकडे शिपाई आहे.

उन्हाळा लागला की कुठल्याही कचेरीत डोकावा. कूलरच्या गवतावर क्षारांचा पांढरा थर, त्यावर गेल्या वर्षीची माती. शिपाई जाळी काढतो, दाराच्या चौकटीवर दोनदा आपटतो. धुरळा उडतो आणि आतला पंखा तो पुन्हा साहेबांच्या टेबलापर्यंत नेतो.

घाण जागच्या जागी, आवाज मात्र सफाईचा!

दोष यंत्राचा नाही. खरेदीला फोटो असतो, देखभालीला फक्त सही असते. यंत्र येतं तेव्हा नारळ फुटतो. ते पुसणारा कंत्राटी माणूस मार्चअखेर नारळ घेऊन घरी जातो.

तेव्हा निविदेत एकच ओळ वाढवा. पेटी रिकामी कोण करणार आणि त्याचा पाच वर्षांचा पगार कोण देणार?

मग बघा, किती जण निविदा भरतात.