ट्रॅक्टरलाच इंजिनिअरिंगला घाला

भंडारा जिल्ह्यात ट्रॅक्टर घ्यायचा विचार नुसता मनात आला, तरी शोरूमवाल्याला सुगावा लागतो. दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस मोटारसायकल घेऊन बांधीवर हजर. "काका, तुम्ही सही तेवढी करा, बाकी मी पाहतो." आधार, सातबारा, दोन फोटो, फायनान्सवाल्याचा एक फोन, आणि रोवणीच्या आत दारात लाल ट्रॅक्टर उभा. बोनेटवर झेंडूचा हार, काकूंच्या हातात आरतीचं ताट. फोटोत शोरूमचा मालक मधोमध, ज्यांच्या डोक्यावर हप्ते बसले ते काका कडेला.

आता याच काकांनी पोराच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला जावं.

"साहेब, पोराले नागपूरले इंजिनिअरिंगले नंबर लागला जी. लोन पाह्यजे होता."

"गाव कोणतं?"

काका गाव सांगतात.

"ते आमच्याकडे येत नाही. तुमच्या सेवा क्षेत्रातल्या शाखेत जा."

त्या शाखेतले साहेब बदलून गेलेले, नवे अजून रुजू व्हायचे. चौथ्या खेपेला ते भेटतात. पोर्टलवर अर्ज केला का? केला. मग त्याची प्रिंट आणा, पोर्टलवरचं इथं दिसत नाही. प्रिंट आणली. बोनाफाईड? आणलं. फी स्ट्रक्चर? आणलं. उत्पन्नाचा दाखला जुना आहे, तहसीलमधून नवा आणा. तोही आणला.

"सिबिल किती आहे तुमचं?"

"ते कोठी भेटते जी, सेतूत?"

साहेबांनी कॉम्प्युटरकडे पाहून मान हलवली. काकांचं सोसायटीचं पीककर्ज थकलेलं होतं. कर्जमाफी होणार, होणार, असं सगळेच म्हणत होते, म्हणून काका थांबले. ज्यांनी 'होणार' म्हटलं ते निवडून आले, काकांचं सिबिल तेवढं पडलं. केवळ सिबिल कमी म्हणून विद्यार्थ्याचं शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असं केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटलं आहे. पण केरळ भंडाऱ्याच्या सेवा क्षेत्रात येत नाही.

"बरं, तारण काय देता?"

"तारण कायले साहेब? तुमच्या त्या पाटीवर त लिवलं हाये, चार लाखांपर्यंत तारण नाई म्हणून."

"काका, ती पाटी हेड ऑफिसने लावली आहे."

पाटी खोटी नाही, हे साहेबांच्या वतीने सांगायला हवं. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण घेऊ नका, असं रिझर्व्ह बँक सांगते. साडेसात लाखांपर्यंत बँकांना भीती वाटू नये म्हणून केंद्राने 2015 मध्ये पत हमी निधीही काढला. म्हणजे पोरगा बुडाला तर सरकार उभं आहे. पण बँकेला सरकारपेक्षा काकांच्या दीड एकरावर जास्त भरवसा. हा सरकारचा अपमान समजावा की शेतीचा सन्मान, ते ज्याने त्याने ठरवावं.

बँकेच्या भीतीला मोठा वैचारिक आधारही आहे. मिल्टन फ्रीडमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1955 मध्येच लिहून ठेवलं की शिक्षणासाठी कर्ज देण्यात एक मूळ अडचण आहे. यंत्रावर कर्ज दिलं आणि हप्ता बुडाला तर यंत्र ओढून नेता येतं. माणूस ओढून नेता येत नाही, कारण गुलामगिरी बंद झाली. ट्रॅक्टरचा हप्ता थकला तर वसुलीवाले पहाटे येऊन ट्रॅक्टर घेऊन जातात. बी.ई. मेकॅनिकल कसं घेऊन जाणार?

फ्रीडमनसाहेबांनी आपल्याकडची शिक्षणसंस्था पाहिली नव्हती. जे जगातल्या बँकांना जमलं नाही, ते आमच्याकडच्या काही संस्थांच्या क्लार्कने कधीच करून दाखवलं. फी बाकी आहे? टीसी मिळणार नाही. स्कॉलरशिपचे पैसे सरकारकडून आले नाहीत? मार्कशीट आमच्या कपाटात. मूळ कागदपत्रं अडवून ठेवू नका, असं युजीसीने 2018 मध्ये बजावलं, तेही पत्र बहुधा त्याच कपाटात फाईलला लावलेलं असावं. माणूस जप्त न करता त्याची बारावी जप्त करण्याचा हा शोध अर्थशास्त्रात कुठे नोंदला गेला नाही, याचं वाईट वाटतं.

हे सगळं लक्षात घेऊन आम्ही शासनाला एक नम्र सूचना करतो. बँका ट्रॅक्टरला पैसे देतात आणि पोराला देत नाहीत, तर पोराऐवजी ट्रॅक्टरलाच इंजिनिअरिंगला प्रवेश द्यावा. कर्जाचा प्रश्न तिथेच मिटतो. ट्रॅक्टरला सिबिल नसतं, जातीचा दाखला लागत नाही, नॉन-क्रिमिलेअर लागत नाही. तो वसतिगृहाच्या बाहेर आवारात उभा राहू शकतो. मेसचा खर्च डिझेलपुरता. 75 टक्के हजेरी भरेल, फक्त जुलैत चिखलणीसाठी घरी यावं लागेल, तेवढी वैद्यकीय रजा द्यावी. मेकॅनिकलच्या प्रॅक्टिकलमध्ये तर तो वर्गातल्या सगळ्यांपेक्षा पुढे राहील. आणि डिग्री मिळाल्यावर त्याला काम मिळेल याची खात्री आहे, जे बाकीच्यांच्या बाबतीत प्लेसमेंट सेलसुद्धा छातीवर हात ठेवून सांगत नाही.

हसू नका. सध्या आहे त्यापेक्षा ही पद्धत सरळ आहे. 1983 मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना दार उघडलं. सरकारकडे पैसा नाही, पण पोरांना शिकायचं आहे, असा तेव्हाचा हिशेब, आणि तो अगदीच चुकीचा होता असंही नाही, त्याच कॉलेजांतून हजारो पोरं बाहेर पडली. सरकारने खर्चातून अंग काढलं तेव्हा तो भार संस्थेने उचलला, असं सगळे म्हणत. संस्थेने तो पालकाला दिला. पालकाने बँकेकडे नेला. बँकेने सातबारा मागितला. चाळीस वर्षांत उच्च शिक्षणाचा खर्च मंत्रालयातून निघून लाखांदूरच्या बांधीत येऊन पडला, आणि हा सगळा प्रवास कागदोपत्री 'शिक्षणाचा विस्तार' या नावाने झाला. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितलं होतं. 2020 च्या नव्या शिक्षण धोरणाने तेच पुन्हा सांगितलं. एक शिफारस चोपन्न वर्षांनी जशीच्या तशी परत करावी लागते, म्हणजे ती किती टिकाऊ असेल!

योजना नाहीत असं कोणी म्हणू नये. योजना पुष्कळ आहेत. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. हा चांगला निर्णय आहे, आणि उपहासाच्या सदरातही चांगल्याला चांगलं म्हणायला हरकत नसावी. मात्र माफी फीला आहे, नागपूरच्या खोलीभाड्याला नाही. त्याच घरातला ओबीसी भाऊ असेल तर त्याला निम्मी फी, तीही प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला असेल तर. मॅनेजमेंट कोट्यातून गेला तर तेवढीही नाही. मग महाडीबीटीवर अर्ज. तो कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग जिल्ह्याच्या लॉगिनला. पैसे येईपर्यंत पोरगा दोन सेमिस्टर पुढे गेलेला असतो.

केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये पीएम विद्यालक्ष्मी आणली. तारण नको, जामीनदार नको. सरकारी यादीतल्या (सुरुवातीला 860) दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाला की झालं. एनआयआरएफच्या क्रमवारीत पहिल्या शंभरात आलेल्या संस्था, राज्य सरकारच्या असतील तर दोनशेपर्यंत, शिवाय केंद्र सरकारच्या सगळ्या. ज्या पोराला आयआयटीत जागा मिळाली, त्याला तशीही बँक खुर्ची द्यायची, आता चहाही देईल. अडचण आहे ती तुमसरच्या किंवा साकोलीच्या पोराची, ज्याला मिळेल त्या कॉलेजात जायचं आहे आणि त्याच कॉलेजची फी भरायची आहे.

अमेरिकेतही याच विषयावर रणकंदन झालं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी 2022 मध्ये विद्यार्थ्यांचं कर्ज माफ करायची घोषणा केली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये ती सहा विरुद्ध तीन अशी रद्द केली. ऑस्ट्रेलियाने 2025 मध्ये विद्यार्थ्यांच्या कर्जातले 20 टक्के कमी करून टाकले. आमच्याकडे या बातम्या वाचून लगेच दोन तट पडले. एक म्हणतो माफ करा. दुसरा म्हणतो, फुकटाची किंमत नसते, कर्ज असलं की पोरं मन लावून शिकतात. हा दुसरा तट आम्हाला फार पटतो. फक्त सुरुवात मोठ्यांपासून व्हावी. माजी आमदारांना महिन्याला किमान 50 हजार रुपये पेन्शन मिळते. ती कर्ज म्हणून द्यावी, म्हणजे तेही मन लावून माजी होतील. कर्ज माफ करा म्हणणाऱ्यांनी तर आमच्या काकांची चेष्टाच केली. माफ व्हायला आधी मिळावं लागतं.

शिक्षणाला पैसा देताना कोणी काय अट घालावी, याचा एक जुना नमुना आहे. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एका तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. सातबारा मागितला नाही. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची, एवढा करार लिहून घेतला. पुढे बडोद्यात त्या तरुणाला जातीमुळे राहायला जागासुद्धा कोणी दिली नाही, करार तिथेच मोडला, पण गुंतवणूक बुडाली असं म्हणायची कोणाची हिंमत नाही. तेच डॉ. आंबेडकर 1954 मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि आपण त्यांना पाडलं. तेव्हा परतफेडीच्या बाबतीत आपला जिल्हा जुना थकबाकीदार आहे, बँकांनी जपून वागावं हेच खरं.

राहता राहिला साधा हिशेब. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलला 2369 रुपये. म्हणजे लाखभर फी भरायला 42 क्विंटल धान, आणि त्यात खत, मजुरी, चुरणा काही धरलेलं नाही. बरं, धान आहे तरी कुठे? कॅपच्या फेऱ्या चालतात जुलै-ऑगस्टात. तेव्हा घरात असेल-नसेल ते रोवणीत गेलेलं असतं, धान बांधीत हिरवा उभा. कॉलेज म्हणतं, तीन दिवसांत फी भरा नाहीतर सीट गेली. हलका धान ऑक्टोबरात निघतो, भारी नोव्हेंबरात. मग खरेदी केंद्र सुरू व्हायचं, बारदाना यायचा, नंबर लागायचा.

ट्रॅक्टरच्या फायनान्सवाल्याला हे वेळापत्रक तोंडपाठ आहे. म्हणून तो सहामाही हप्ता लावतो, पीक निघाल्यावर. त्याने कृषी विद्यापीठात संशोधन केलेलं नाही, त्याला फक्त आपले पैसे परत हवे आहेत. शिक्षण खात्यात कोणाला कधी तसं वाटलं, तर काकांची मागणी छोटी आहे. फीचा पहिला हप्ता धानाचे चुकारे मिळाल्यानंतर घ्यावा.

चुकारे केव्हा मिळतात, हे मात्र शिक्षण खात्याला विचारू नये. त्याचं पोर्टल वेगळं आहे.