चपला न झिजवता केलेले संशोधन

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला भोर आणि वेल्हे असे दोन तालुके आहेत. तिथल्या कंपवाताच्या रुग्णांची कुणी घरोघर जाऊन मोजदाद केल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आणि त्याबद्दल सर्व संबंधितांचे जाहीर अभिनंदन व्हायला हवे. एखादी गोष्ट न करण्यासाठी केवढा संयम लागतो, हे सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या वाचकांना सांगायला नकोच. त्यातून कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, हा मोठा मोहात पाडणारा आजार. २०१९ मध्ये जगात त्याचे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मज्जासंस्थेच्या सगळ्या आजारांत यानेच होणारे मृत्यू आणि येणारे अपंगत्व सर्वांत झपाट्याने वाढते आहे, असेही ती संघटना म्हणते. वाढते वय हा त्याचा हक्काचा साथीदार. ज्या वाड्यावस्त्यांतली तरणी पोरे पुण्या-मुंबईला कामाला गेली आणि मागे घरटी म्हातारा-म्हातारी तेवढी उरली, तिकडे एखाद्या उतावळ्या संशोधकाचे पाऊल सहज वळले असते. ते वळले नाही.

या संयमाचे श्रेय बऱ्याच अंशी विद्यापीठांतल्या एका नव्या पदाला द्यावे लागेल. आजाराच्या माहितीवर गणित आणि संगणक चालवून निष्कर्ष काढणारा हा संशोधक. त्याच्या पदाची जाहिरात वाचनीय असते. पद निव्वळ तात्पुरते, प्रकल्पाबरोबर संपणारे. कायम नोकरीवर हक्क सांगता येणार नाही. मुलाखतीला येण्याजाण्याचा खर्च मिळणार नाही. पायथन ही संगणकाची भाषा येणे आवश्यक, रुग्ण पाहिलेला असणे आवश्यक नाही. कनिष्ठ संशोधकाची पाठ्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून ३१ हजारांवरून ३७ हजारांवर गेली, ती दर महिन्याला येते की वर्षातून एकदा एकत्र येते हा तपशील वेगळा. पंधरा-वीस वर्षे रेंगाळणाऱ्या आजाराचा अभ्यास अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर उरकण्याची ही पद्धत आम्हांला फार दूरदृष्टीची वाटते. रुग्णाची तब्येत उतरणीला लागेपर्यंत संशोधक दुसऱ्या प्रकल्पावर गेलेला असतो, त्यामुळे कुणालाच वाईट वाटत नाही.

जुन्या लोकांना ही सोय नव्हती. जेम्स पार्किन्सन हा लंडनमधला एक साधा डॉक्टर. १८१७ मध्ये त्याने या आजारावर छोटेसे पुस्तक लिहिले, ते सहा रुग्णांच्या जोरावर. त्यांतले काही तर त्याला रस्त्यात भेटले होते आणि एकाला त्याने नुसते लांबून पाहिले होते. अशा रस्त्यावरच्या माहितीला आज कोणती समिती मान्यता देईल? त्याने माणसाची चाल पाहिली, वाकलेली पाठ पाहिली, थरथरणारा हात पाहिला आणि जे दिसले ते लिहून ठेवले. दोनशे वर्षांनंतरही ते वर्णन बहुतांशी लागू पडते, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा.

आजच्या अभ्यासकाला असे रस्त्यात उभे राहावे लागत नाही. त्याच्यासाठी १९५ ध्वनिमुद्रणे तयार आहेत. ऑक्सफर्डच्या मॅक्स लिटल यांनी ती २००८ मध्ये सर्वांना खुली करून दिली. मुद्रण झाले अमेरिकेत, डेन्व्हरच्या एका संस्थेत. माणसे एकूण ३१, त्यांपैकी २३ जणांना पार्किन्सन्स. प्रत्येकाने एक स्वर लांबवर धरायचा आणि त्यातली थरथर यंत्राने मोजायची, एवढीच गोष्ट. तेव्हापासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत, एम.टेक.च्या प्रबंधांत आणि शोधनिबंधांच्या पानोपानी या तेवीस जणांचे निदान इतक्या वेळा झाले आहे की, वैद्यकाच्या इतिहासात एवढी विचारपूस क्वचितच कुणाची झाली असेल. त्यांना पार्किन्सन्स आहे, हे आता कुणीही नाकारू शकणार नाही.

अचूकतेबद्दल तर बोलायलाच नको. १९५ पैकी १४७ मुद्रणे रुग्णांची आहेत. म्हणजे ज्या प्रोग्रॅमला यातले ओ की ठो कळत नाही, समोर येईल त्याला जो ‘तुम्हाला कंपवात आहे’ एवढेच सांगतो, तोही ७५ टक्के बरोबर ठरतो. दहावीच्या बोर्डात त्याला विशेष प्रावीण्य मिळाले असते. वरचे वीसेक टक्के हवे असतील तर त्यालाही सभ्य मार्ग आहे. प्रत्येकाची साधारण सहा मुद्रणे आहेत. त्यांतली चार यंत्राला शिकवायला वापरावीत आणि उरलेली दोन परीक्षेला ठेवावीत. यंत्र मग आजार ओळखत नाही, तो माणूस ओळखते. पण ओळख पटते, आणि निबंधाच्या सारांशात ९५ च्या पुढचा आकडा शोभून दिसतो. हा आकडा हाती असताना वेल्ह्यातल्या पासलीच्या किंवा केळदच्या एखाद्या म्हाताऱ्याचा आवाज घेऊन तो खाली आणणे, हा निव्वळ करंटेपणा होईल.

आणि आणायचा तरी कसा? आजार मोजण्याची साधनेच अशा लोकांसाठी नाहीत, हे एकदा मोकळेपणाने मान्य केलेले बरे. पार्किन्सन्समध्ये थरथर सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी वासाची जाणीव मंदावते. ती तपासायला अमेरिकेत चाळीस वासांची एक चाचणी मिळते. खरवडायचे, हुंगायचे आणि चार पर्यायांतून उत्तर निवडायचे. त्यात पिझ्झा आहे, रूट बिअर आहे, शेपूच्या पाल्यातली मुरवलेली काकडी आहे. मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनने २०१० मध्ये सुरू केलेल्या मोठ्या अभ्यासात हीच चाचणी वापरतात आणि तिचे आकडे जगभर अभ्यासले जातात. वेल्ह्याच्या आजींना रूट बिअरचा वास ओळखता आला नाही, तर दोष नाकाचा की गावाचा, हे कोण ठरवणार? चुलीवर आंबेमोहोर शिजत असताना ‘वास येतोय का गं?’ एवढेच विचारले तर काम भागेल, असे काही भाबडे लोक म्हणतील. परंतु या प्रश्नाला स्वामित्वहक्क नाही, आणि ज्याला स्वामित्वहक्क नाही त्याचा उल्लेख तक्त्यात कुठे करायचा?

आजाराची पायरी ठरवणारी आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीही अशीच विचारपूर्वक केलेली आहे. २००८ च्या सुधारित आवृत्तीत रुग्णाला विचारतात, तुमचे अक्षर लोकांना वाचता येते का? ज्यांनी जन्मभर अंगठाच उठवला, त्यांच्या अक्षरात बिघाड होण्याचा प्रश्न येत नाही. त्या रकान्यात त्यांची प्रकृती ठणठणीत आहे. पुढे हाताची घडी घालून, सरळ पाठीच्या खुर्चीवरून उठून दाखवायला सांगतात. ज्या घरात खुर्ची पाहुण्यांसाठी असते आणि घरधनीण आयुष्यभर जमिनीवरून उठत आली, तिथे तपासणाऱ्यानेच खुर्ची बरोबर न्यावी लागेल. एसटीत खुर्ची घेऊन चढणाऱ्या संशोधकाकडे कंडक्टर कोणत्या नजरेने पाहील, याचा विचार प्रश्नावली करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. आमच्या विद्यापीठांनी केला, म्हणून ती तिथे गेली नाहीत.

मोजायला गेले की काय होते, याचा एक इशारा आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी दारोदार जाऊन पाहणी केली. १९८८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १४,०१० माणसे पाहिली, तर लाखामागे ३२८ या प्रमाणात पार्किन्सन्स निघाला. जगात तोवर नोंदल्या गेलेल्या मोठ्या प्रमाणांपैकी ते एक होते. पारशी समाजात म्हातारी माणसे जास्त, हे त्याचे एक कारण आहेच. पण मुळात कुणी दारावर टकटक केली नसती तर हा समाज आजही निरोगी म्हणून मिरवला असता. ज्या गावांत वयस्कर माणसांशिवाय फारसे कुणी उरलेले नाही, तिथे ही टकटक किती महागात पडेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

दुसरा इशारा याहून जवळचा आहे, थेट पुणे जिल्ह्यातला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढू परिसरातल्या बावीस गावांत २००२ पासून घरटी नोंद ठेवण्याचा उद्योग चालवला आहे: कोण जन्मले, कोण गेले, कोण गाव सोडून गेले. अशा गोष्टी नियमाने केल्या तर त्या होऊ शकतात, असा चुकीचा संदेश यातून जातो. सुदैवाने वढू शिरूरच्या बाजूला आहे आणि भोर-वेल्हे पुण्याच्या दुसऱ्या बाजूला. मध्ये अख्खे शहर आणि त्याची वाहतूक असल्यामुळे संसर्गाची भीती कमी आहे.

काही नतद्रष्ट विचारतील की, या दोन तालुक्यांनी पुण्याला आणि खालच्या मुलखाला थोडे का दिले आहे? भाटघरचे धरण गेल्या शतकापासून नीरेच्या कालव्यांना पाणी पुरवते आहे. पानशेत आणि वरसगावचे पाणी पुणेकर पितात. या जुन्या देवाणघेवाणीच्या बदल्यात निदान एक मेंदूविकारतज्ज्ञ महिन्यातून एकदा वर पाठवावा, ही अपेक्षा ऐकायला गोड आहे, परंतु पाणी उताराने वाहते आणि तज्ज्ञाला चढावे लागते. निसर्गनियमाविरुद्ध जाणे शास्त्रज्ञांना शोभत नाही. शिवाय सरकारचे या भागाकडे दुर्लक्ष आहे, असेही म्हणवत नाही. वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतलाच की.

खुद्द रुग्णाच्या दृष्टीनेही न मोजले जाण्याचे लाभ पाहावेत. म्हातारा हळू चालू लागला, पावले आखूड पडू लागली, तर घरचे म्हणतात वय झाले. चेहऱ्यावरचे हसू गेले तर घुम्या झालाय म्हणतात. आवाज खोल गेला तर ऐकणाऱ्याचेच कान गेले असतील. भातलावणीच्या दिवसांत खाचराच्या बांधावरून तोल गेला तर चिखल जबाबदार, आणि चिखलाला गोळ्या द्याव्या लागत नाहीत. याउलट निदान झाले की लिव्होडोपाची गोळी आली. ती दिवसातून तीन-चार वेळा ठरल्या वेळीच घ्यायची, वेळ चुकली तर अंग जागच्या जागी आखडते. मग पन्नास-साठ किलोमीटरवरचे पुणे, मग फेरतपासणी, मग बरोबर जाणाऱ्या पोराची बुडालेली रोजी. त्यापुढे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. त्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे, म्हणजे प्रमाणपत्राचा अर्ज आलाच. न मोजलेला माणूस यांपैकी काहीही मागत नाही. एवढा समजूतदार नागरिक दुसरा कुठे मिळेल?

गंमत म्हणजे औषध त्याच्या कुंपणावरच वाढते. सह्याद्रीत पावसाळ्यानंतर जिला शेंगा लागतात ती खाजकुयली, जिच्यापासून गुराखी दूर पळतात, तिच्या बियांत लिव्होडोपा असते. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच ती बियांतून वेगळी करून दाखवली, पार्किन्सन्सवर तिचा उपयोग कळण्याच्या कितीतरी आधी. कुणी बिया कुटून खाव्यात असे नाही. कोणत्या बीत मात्रा किती, हे ठरलेले नसते आणि त्यात धोका आहे. पण वेल इथली, म्हातारा इथला, विद्यापीठ जिल्ह्याच्या गावी, आणि आकडे डेन्व्हरचे, ही विभागणी आम्हांला श्रमविभागाचा आदर्श वाटते.

अपवाद म्हणून पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचा उल्लेख करावा लागेल. ही मंडळी रुग्णांना आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांना एकत्र जमवतात, व्यायाम घेतात, गप्पा मारतात, नाचतातसुद्धा. रुग्णाला ते क्रमांकाने नव्हे तर नावाने ओळखतात. गोपनीयतेच्या दृष्टीने हे आक्षेपार्ह आहे.

म्हणून आमची एक छोटी सूचना. पुढच्या जाहिरातीत ‘मराठीचे ज्ञान असल्यास प्राधान्य’ असे चुकूनही छापले जाऊ नये. मराठी येणारा उमेदवार एखाद्या दिवशी कुणाशी तरी बोलेल आणि प्रकल्प भरकटेल. मुलाखतीत ‘कंपवाताचा रुग्ण प्रत्यक्ष पाहिला आहे का?’ असा प्रश्न ठेवायला हरकत नाही, मात्र ‘हो’ म्हणणाऱ्याचे गुण पूर्वग्रहाबद्दल कापावेत. राहिला अंदाजपत्रकातला ‘क्षेत्रभेटी’ हा रकाना, जो जुन्या नमुन्यात अजून शिल्लक आहे. त्यातली रक्कम परदेशातल्या परिषदेच्या विमानभाड्याकडे वळवावी. ग्रामीण भारतातल्या कंपवातावर तिथे एखादे सत्र असेलच. त्यात आपल्या प्रतिनिधीने भोर आणि वेल्ह्याचे नाव पडद्यावर दाखवून पुढे ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहावे, आणि श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी दोन मिनिटे राखून ठेवावीत.