मोगॅम्बोच्या हाती कपाटाची चावी

सिनेमातल्या खलनायकाचा फोटो घ्यायचा आणि खाली ऑफिसातल्या सत्तेवर एक ओळ लिहायची. काम सोपं वाटतं, पण नवशिका फसतो तो विषय निवडतानाच. तो थेट एमडींवर मीम करायला जातो. एमडींकडे खरोखरीची सत्ता असते. खलनायकाचा कोट त्यांना मापात बसतो, आणि मापात बसला की हसू येत नाही. आपल्याला हवी चिमूटभर सत्ता: स्टेशनरीच्या कपाटाची चावी, एसीचा रिमोट, मीटिंग रूमचं बुकिंग, प्रवासभत्त्याच्या बिलावरची सही, लेट मार्कची लाल शाई. ती सापडत नसेल तर ऑफिसात एक चक्कर मारा आणि कोणाच्या टेबलाशी गेल्यावर लोकांचा आवाज मऊ होतो ते पाहा. साहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांचाच होतो, तो धरू नका. पगार कमी, पण समोर सीनियर मॅनेजर ‘जरा बघा ना’ म्हणत उभा, असं टेबल दिसलं की विषय मिळाला.

आता चेहरा. इथे घाई करू नका.

आनंदासाठी मोगॅम्बोला तोड नाही. ‘मिस्टर इंडिया’तला (1987) हा माणूस सिंहासनाच्या हातावरच्या गोलकावर बोटं वाजवतो आणि स्वतःच्या खुशीची घोषणा स्वतःच करतो. चावी नुकतीच हातात आलेल्या माणसाला साजेसाच तो चेहरा. अमरीश पुरी यांनी सिनेमात स्थिरावण्याआधी बरीच वर्षं कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी केली होती. ती बोटं त्यांनी कोणत्या टेबलावर पाहिली असतील, याचा अंदाज कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेल्यांनी बांधावा.

गब्बर मात्र रोजच्या वापराला नाही, तो वार्षिक मूल्यमापनासाठी राखून ठेवा. ‘शोले’तला (1975) तो प्रसंग आठवा. हात हलवत परतलेली तीन माणसं, पिस्तुलात तीन गोळ्या, चाप तीनदा ओढूनही तिघं बचावतात. गब्बर हसतो, मग ती तिघंही हसतात, सगळी टोळी हसते, आणि त्यानंतर गोळ्या सुटतात. अप्रेझलच्या बैठकीचं याहून अचूक चित्रण मी पाहिलेलं नाही. फोटो मात्र गब्बरचा घेऊ नका. त्या तिघांतल्या, विजू खोट्यांच्या कालियाचा घ्या, हसू फुटतंय त्या क्षणाचा. खाली लिहा: ‘यंदा तुमचं काम उत्तम झालं, असं एचआर म्हणाले तेव्हा.’ वर खडकावर बसलेला सांबाही वाया घालवू नये. साहेबांनी विचारताच आकडा सांगायचा आणि पुन्हा गप्प बसायचं, एवढ्यावर टिकून राहिलेले लोक प्रत्येक खात्यात असतात.

रजेच्या अर्जासाठी मात्र निळू फुलेच. हिंदी खलनायक गर्जतो. ‘सामना’तल्या साखरसम्राट हिंदुराव धोंडे-पाटलांना आवाज चढवायची फारशी गरजच पडत नाही, आणि किरकोळ सत्तेची खरी ओळखही तीच. ती ओरडून नाही म्हणत नाही, ‘ठेवा, बघू’ म्हणते. म्हणून ओळही तेवढीच: ‘अर्ज पाहिला. ठेवून जा. बघू.’ एक खबरदारी घ्या. गुगलवर निळूभाऊंचा फोटो शोधताना ‘सिंहासन’मधला (1979) हाती लागला, तर थांबा. तिथे ते पत्रकार दिगू आहेत, सत्ता भोगणारे नव्हे, बघणारे. शेवटी भ्रमिष्टासारखं हसणाऱ्या दिगूचा फोटो प्रमोशन हुकलेल्यांसाठी आहे, तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा.

महेश कोठाऱ्यांचे खलनायक जपून वापरा. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू बाहुल्यात शिरलेला, त्यामुळे मोठा चेहरा आणि लहान सत्ता यांतली गंमत तिथे उलटी होते. व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन झालेल्या प्रशिक्षणार्थ्याला तो शोभतो. ‘धडाकेबाज’च्या (1990) कवट्या महाकाळाच्या तोंडावर कवटी, हावभाव शून्य. त्याच्याखाली फक्त ऑनलाइन पोर्टलचा निरोप चालतो: ‘तुमची विनंती प्रलंबित आहे.’

आता ओळ लिहायची. थाटामाटाचं काम चेहरा करून चुकलेला असतो, तेव्हा तुम्ही नोटीस बोर्डाच्या भाषेत बोला. ‘आमचा स्टोअरवाला किती खडूस’ ही तक्रार झाली, मीम नव्हे. मोगॅम्बोखाली हे लिहून पाहा: ‘पेन मिळेल. आधी संपलेली रिफिल जमा करा.’ वस्तूचं नाव नेमकं हवं. ‘सामान’ म्हटलं की हवा गेली. ‘स्टेपलरच्या पिना’ म्हटलं की कोणाला तरी खरोखर आठवण होते. सिनेमातला मूळ संवाद लिहू नका. तो फोटो पाहताच कानात वाजतो. उद्गारचिन्ह एकही नको. रडेपर्यंत हसणारी पिवळी तोंडं तर अजिबात नकोत, ती वाचणाऱ्यासाठी सोडा.

फॉन्ट: इंग्रजी मीम ज्या जाडजूड ‘इम्पॅक्ट’मध्ये होतात त्यात देवनागरी नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘बलू’ घ्या, फुकट आहे. पांढरी अक्षरं, काळी किनार. पुढे चला.

राहिलं पाठवणं. ऑफिसचे ग्रुप दोन असतात, साहेब असलेला आणि साहेब नसलेला. पाठवण्याआधी वरचं नाव दोनदा वाचा, कारण काढून टाकलेल्या मेसेजच्या जागी ‘हा मेसेज डिलीट केला गेला’ एवढी पाटी राहते आणि मूळ मीमपेक्षा तीच जास्त वाचली जाते. चावीवाल्याचं नाव, टेबल, शर्टाचा रंग यांतलं काही ओळखीचं ठेवू नका. तरीही तो ओळखेलच, अशी भीती वाटेल. तशी वेळ सहसा येत नाही. संध्याकाळपर्यंत तोच ते मीम साहेब असलेल्या ग्रुपवर टाकतो, वर लिहितो ‘अकाउंट्सवाले बघा’, आणि अकाउंट्सवाले ते अॅडमिनला पाठवतात. अशा वेळी सगळ्यांबरोबर आपणही अंगठा द्यावा, आणि स्टेपलरच्या पिना उद्या सकाळी मागाव्यात.