चांदण्यांचं कलिंगड

"ताई, तुमच्या वेलाला काहीतरी होऊन राहिलं बरं का. पानं पाहा, हळद शिंपडल्यासारखी दिसतात."

आमच्या आणि वहिनींच्या परसामधल्या कुंपणाची एक फळी मागच्या हिवाळ्यात निखळली. ती बसवायला दोन्ही घरच्या पुरुषांना फुरसत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही फार आठवण केली नाही. सेंट लुइसच्या या गल्लीत कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं घर विकायला निघालं, हे सगळं त्या फटीतूनच कळतं.

वहिनी वर्ध्याच्या, मी चिपळूणची. त्यामुळे पहिलं भांडण नावावरून. त्या म्हणतात टरबूज, मी म्हणते कलिंगड. बरं, खरबुजाला त्या म्हणतात डांगर! आमच्याकडे डांगर म्हणजे उडदाच्या पिठात दही-कांदा घालून कालवलेलं. नवीन ओळख होती तेव्हा "डांगर कापून ठेवलंय, या खायला" असा निरोप आला आणि मी भाकरी घेऊन गेले होते.

तर पानांचं. "हा व्हायरस आहे," वहिनींनी निदान केलं. "उपटून टाका. नाहीतर माझ्या शुगर बेबीला लागेल." त्यांनी कुंपणालगत शुगर बेबी जातीच्या कलिंगडाची दोन आळी केली होती.

मीसुद्धा मनातून चरकलेच. कोपऱ्यावरच्या म्हातारबुवांनी बिया दिल्या होत्या, पत्राच्या जुन्या पाकिटात, वर पेन्सिलीने 'मून अँड स्टार्स' एवढंच लिहिलेलं. पाकीट घेऊन त्यांच्याकडे गेले, तर ते गदगदून हसले. रोगाचं पान सुरकुततं, वेडंवाकडं होतं, पिवळेपणा सगळीकडे पसरतो. हे पान बघ, सपाट आहे, ठिपके गोल आहेत, कडा स्वच्छ. जे पानावर तेच फळावर येणार.

मग खुर्ची ओढून कथाच सुरू झाली. हे कलिंगड १९२६ साली न्यूयॉर्कच्या पीटर हेंडरसन कंपनीने 'सन, मून अँड स्टार्स' म्हणून बाजारात आणलं. पुढे ते बियाण्यांच्या यादीतून गेलं आणि लोकांनी संपलं असंच धरलं. आयोवात डेकोराजवळ जुनं बियाणं जपणारी एक संस्था आहे, सीड सेव्हर्स एक्स्चेंज, १९७५ पासूनची. तिथले केंट व्हीली याच्या मागावर होते. ते १९८०च्या सुमारास सापडलं कुठे, तर इथे मिझुरीतच, मेकन गावाजवळ मर्ल व्हॅन डोरेन नावाच्या शेतकऱ्याकडे. तो गडी आपला लावत होता, खात होता. "आमच्या राज्यात!" असं म्हणताना म्हातारबुवांनी छातीवर हात ठेवला. हापूसचा विषय निघाला की आमचे काका असेच ठेवतात.

मी हे सगळं फटीतून सांगितलं.

जुलैत फळं धरली. फुलाच्या मागेच लव असलेलं इवलंसं कलिंगड असतं, त्यावर काही कळत नाही. नारळाएवढं झालं तेव्हा खरी मजा. काळपट हिरव्या सालीवर मोहरीएवढे, साबुदाण्याएवढे पिवळेधमक ठिपके, आणि एका अंगाला पुरीएवढा चंद्र. फळ फुगेल तशा चांदण्याही मोठ्या होत गेल्या. मी रोज संध्याकाळी पाणी घालताना उगाच हात फिरवायची. ठिपका हाताला लागत नाही, साल तशीच गुळगुळीत.

आणि मग ते प्रकरण झालं. वहिनींच्या धाकट्याने फटीतून येऊन सगळ्यात मोठ्या फळावर खिळ्याने आपल्या जर्सीचा नंबर कोरला, ३०. कोवळ्या सालीवर ओरखडा काढला की जखम भरताना तिथे खरबरीत बदामी खपली धरते आणि फळाबरोबर ती ताणली जाते. दोन आठवड्यांत तीन आणि शून्य एकमेकांना चिकटले. वर नेमका अर्धा चंद्र आणि एक चांदणी! इथल्या मराठी मंडळातल्या एक काकू दही विरजायला विरजण न्यायला आल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं, चपला काढल्या आणि हात जोडले.

"अहो, नंबर आहे तो," मी म्हणाले.

"तुमच्यासाठी नंबर," काकू म्हणाल्या.

रविवारपर्यंत पाच कुटुंबं येऊन गेली. एका आजींनी कुंकू लावलं, कुणी तरी आळ्यात दूध घातलं. वहिनी फटीतून डोकं काढून दबक्या आवाजात विचारायच्या, "आज किती झाले?" पोरगा आठवडाभर घराबाहेर पडला नाही. मारापेक्षा आपल्या कोरीवकामाला लोक नमस्कार करतात याचीच त्याला जास्त भीती वाटली असावी.

या गर्दीत एक गोष्ट फक्त वहिनींच्या नजरेस आली. माझ्या चार वेलांपैकी एकावर एकही ठिपका नव्हता. पानं कोरी, फळंही कोरी.

"पाहा, माझ्या शुगर बेबीवर आळ घेऊ नका हं," त्या आधीच म्हणाल्या. मी घेणारच होते! पण म्हातारबुवांनी त्यांना निर्दोष सोडलं. मधमाशीने कुठलाही पराग आणला तरी यंदाच्या फळाची साल आणि गर आईचाच. बापाचं रूप उतरतं ते बीमध्ये, दिसतं पुढच्या पेरणीला. चांदणी कशी, आई-बाप दोघांपैकी एकाकडून आली तरी उठून दिसते. दोघांकडूनही नाही आली तरच वेल कोरा राहतो. म्हणजे भानगड जुनी होती, बुवांच्याच परसातली. ते कबूल करताना जरा लाजले. काकडीशेजारी लावलं म्हणून कलिंगड पाणचट होतं, हेही खोटं म्हणे. त्या दोघांचं जमतच नाही. आमच्या आजीने यावरून शेजारणीशी तीन वर्षं अबोला धरला होता.

पिकलं कधी हे ओळखणं मात्र अवघड. फळ जिथे मातीवर टेकतं तिथला पांढरा डाग पिवळा झाला की काढायचं, हे ठाऊक होतं. पण इथे अंगभर पिवळं! शेवटी देठाशी असतं ते कुरळं सूत वाळलं तेव्हा काढलं. 'देवाचं' कलिंगड कापायला कुणी धजेना. वहिनींनी "सरका" म्हणत सुरी घातली. गर गुलाबीसर लाल, बियांनी भरलेला, गोड. पांढऱ्या भागाची मी भाजी केली. नमस्काराला आलेल्या काकूंनी प्रसाद म्हणून दोन फोडी जास्त नेल्या.

वहिनींनी त्यांच्या शुगर बेबीच्या बिया धुऊन, वाळवून, वर्ध्याच्या पद्धतीने राख लावून डबीत ठेवल्या. "तुमच्यासारखं नाही, आमचं घराणं स्वच्छ," म्हणाल्या.

यंदा मे महिन्यात सकाळी मी चहा घेऊन फटीशी गेले, तर वहिनी आळ्यापाशी उकिडव्या बसलेल्या. सहा रोपं. तीन हिरवीगार. उरलेल्या तिघांच्या पानांवर हळद शिंपडलेली.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग उठल्या, पदर नव्हताच, तरी खांद्यावरून घेतल्यासारखं केलं.

"विहीणबाई," म्हणाल्या, "चहा तिकडूनच पिऊन राहिल्या? आमचा मान कुठाय?"

मी कप फटीतून पलीकडे दिला. साखर कमी आहे म्हणून त्यांनी लगेच नाव ठेवलं.